टॉवेल धरायला कुणीतरी

पाण्यात उतरताना सिल्वीला काहीच झालं नाही. जे झालं ते बाहेर आल्यावर, टॉवेलमुळे.

मिनियापोलिसमधल्या एका बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीच्या तळघरात कुणीतरी ही जागा काढली होती. उघड्या विटांच्या भिंती, मंद पिवळे दिवे आणि ओळीनं मांडलेले स्टीलचे गोल टब. त्यांत पिशव्या फोडून बर्फ ओतलेला होता. विकतचा बर्फ, तोही जानेवारीत, बाहेर फुटपाथच्या कडेला तो कमरेएवढा साचलेला असताना. सिल्वी एका आरोग्यविम्याच्या कंपनीत कर्मचाऱ्यांसाठी माहितीपत्रकं लिहायची. या महिन्याचा विषय वरून ठरून आला होता, 'रोजच्या जगण्यात थोडी गैरसोय निवडा'. लिफ्ट सोडा, जिना चढा. गाडी लांब उभी करा. आंघोळ संपता संपता नळ गारावर फिरवा. असं केल्यानं झोप चांगली लागते, मन खंबीर होतं, रोजचे ताप लहान वाटू लागतात, हे तिनं सोप्या भाषेत लिहायचं होतं. स्वतः अनुभव घेऊन लिहिलं तर जास्त पटेल, असं वरच्या बाई म्हणाल्या, म्हणून शेजारच्या टेबलावरच्या डेनिसला घेऊन ती जेवणाच्या सुट्टीत इथं आली होती. टॅनर नावाचा दाढीवाला तरुण अनवाणी फिरत सगळ्यांना समजावत होता, "श्वासाशी भांडू नका. अंग ओरडेल, ओरडू द्या. आणि एवढं लक्षात ठेवा, बाहेर कधी यायचं ते तुमच्याच हातात आहे." "माझं आत्ताच ठरलंय," डेनिस म्हणाली, आणि तरीही गळ्यापर्यंत पाण्यात बसली. मग दातावर दात आपटत म्हणाली, "घटस्फोटाच्या वेळीसुद्धा मला इतकं गार वाटलं नव्हतं गं." सिल्वी दुसऱ्या टबात बसली होती. तिचा श्वास अडकला नाही, खांदे वर उचलले गेले नाहीत. पाणी गार होतं, जसं ते असतं. टॅनर तिच्यापाशी येऊन उकिडवा बसला. "तुम्ही मूळच्या कुठल्या?" "उत्तरेकडची. वर, तळ्यांकडची." "फिनिश?" "हो." "मग रक्तातच आहे तुमच्या," तो कौतुकानं म्हणाला, आणि ती बाहेर आली तेव्हा त्यानं भिंतीतलं एक कपाट उघडून तिच्या खांद्यावर टॉवेल टाकला. टॉवेल गरम होता.

तिनं त्यात तोंड घातलं आणि तिला ते वर काढता येईना. आपण रडतोय असं तिला वाटलं नाही. ती फक्त वास शोधत होती. लोकरीचा, लाकडाच्या धुराचा, वेलदोड्याचा, आणि त्या सगळ्याखाली बाईच्या अंगाचा, दिवसभर राबलेल्या काखेचा वास. या टॉवेलला कसलाच वास नव्हता. तो विजेवर गरम झाला होता. "सिल्वी, डोकं बाहेर काढ," डेनिस हळूच म्हणाली. "माणसं बघतायत. त्यांना वाटेल पाण्यातच काहीतरी आहे." टॅनर लांबून म्हणाला, "असू द्या, असू द्या. पुष्कळांना होतं असं. आत साठलेलं मोकळं होतं. हाही एक फायदाच आहे."

ऑफिसात परतल्यावर ती पत्रकासमोर बसली. केस ओलेच होते. 'फायदे' एवढा शब्द लिहून झाला आणि पुढं तिला आई दिसत राहिली. बर्फावर उभी असलेली, तपकिरी लोकरी कोटातली, छातीपोटाशी फुगलेली. वडील तळ्याच्या बर्फात जे भोक पाडत, ज्याला घरात सगळे अवांतो म्हणत, त्याच्या काठाशी आई उभी राहायची. दर हिवाळ्यात, दर शनिवारी. वडील साउनातून, काठावरच्या वाफेच्या लाकडी खोलीतून, लालबुंद होऊन यायचे, शिडी धरून पाण्यात उतरायचे, डोळे मिटून गळ्यापर्यंत बसायचे. आई त्यांचा टॉवेल घरातून आणायची, स्वयंपाकघरातल्या लाकडाच्या शेगडीवर जी दांडी होती तिच्यावर तापवून. चार घड्या घालून तो स्वेटर आणि कोट यांच्या मध्ये ठेवायची आणि वरून सगळी बटणं लावायची. नाहीतर त्या वाऱ्यात टॉवेलची ऊब टिकत नसे. सिल्वी लहान असताना त्या फुगवट्यावर गाल टेकून उभी राहायची. आई म्हणायची, "हे माझं तिसरं मूल. सांगितलेलं ऐकतं तेवढं हेच." मग वडील पाण्यातून वर आले की बटणं सुटायची, टॉवेल बाहेर यायचा, त्यातून वाफ निघायची, आणि वडील तो न बघता घ्यायचे, जसं बसताना कुणी खाली खुर्ची आहे की नाही बघत नाही. त्या वेळी उघड्या पडलेल्या कोटातून वारा आईच्या छातीत शिरत असणार. हे सिल्वीच्या मनात तेव्हा आलं नव्हतं. आत्ता, गरम हवेच्या झोतात, भाड्याच्या कुंडीतल्या झाडाशेजारी बसून आलं.

वडिलांचं नाव आर्विड. लोखंडाच्या खाणीत मुकादम म्हणून ते निवृत्त झाले, तेव्हा तशी चणचण कसलीच नव्हती. शेजारपाजारच्या घरांत तळघरात भट्ट्या बसल्या होत्या, भिंतीतल्या जाळीतून गरम हवा यायची. आर्विडनी ती घेतली नाही. नळ आला तरी अंगणातला हातपंप ठेवला आणि पिण्याचं पाणी त्याचंच हवं म्हणाले. खुर्च्यांवर गाद्या नकोत, गाडीत हीटर कमी. "अंगावर आलेला त्रास माणसाला मोडतो," ते म्हणायचे, "आणि आपण होऊन घेतलेला घडवतो. म्हणून घेऊन ठेवावा, पुढं उपयोगी पडतो." गावच्या साप्ताहिकात त्यांचा फोटो आला होता, अवांतोतून फक्त डोकं बाहेर, भुवयांवर बर्फाचे कण. फोटोच्या एका कडेला तपकिरी कोटाची किनार आणि एक बूट आला होता. छापणाऱ्याकडून तेवढाच कापायचा राहिला असावा. वडिलांचं ते वाक्य खोटं नव्हतं. सिल्वीला ते खोटं ठरवता आलं असतं तर बरं झालं असतं. तिचं स्वतःचं अंग त्या वाक्याची साक्ष होतं. तिला सहसा सर्दी होत नसे, कुठल्याही वाईट बैठकीत ती शेवटपर्यंत ताठ बसू शके, आणि सप्टेंबरात डॉक्टरांचा फोन आला, आई गेली असं कळलं, तेव्हा तिनं टंकायला घेतलेलं वाक्य पूर्ण करून मगच खुर्ची मागं सरकवली होती. हा फायदा पत्रकात घालावा का, याचा ती थोडा वेळ खरोखरच विचार करत बसली. पण वडील निवडायचे आणि पंपावर आई जायची. भट्टी नको हे त्यांनी ठरवलं आणि पहाटे उठून शेगडी पेटवली तिनं. आपण होऊन घेतलेला त्रास घडवतो हे खरंच, पण एका घरात एकानं आपण होऊन घेतला की तोच दुसऱ्याच्या अंगावर येतो, हे त्या वाक्यात कुठं मावत नव्हतं.

आई हृदयानं गेली. थंडीशी संबंध नाही, डॉक्टर म्हणाले, वय झालं होतं. सिल्वीची जवळजवळ निराशाच झाली. काहीतरी बोट दाखवायला हवं होतं तिला. चर्चच्या तळघरात कॉफी आणि हॅमचे पाव खात माणसं उभी होती, म्हातारे खाणकामगार आर्विडचा खांदा दाबून "पोलाद आहेस तू" म्हणत होते. मग आर्विड दोन शब्द बोलायला उभे राहिले. आपण पहिल्यांदा अवांतोत कसे उतरलो ते त्यांनी सांगितलं, तेव्हाचा बर्फ किती जाड असे तेही सांगितलं. हातातली कॉफी निवत चालली तरी सिल्वी ऐकत राहिली. आता म्हणतील, ती काठावर उभी राहायची. एवढंच. तिनं काय केलं, किती केलं, काही नको, फक्त ती तिथं होती एवढं. शेवटी ते आईचं नाव घेऊन म्हणाले, "ताइमीनं मला कधी अडवलं नाही." बायकांनी माना डोलावल्या. एकीनं डोळे पुसले. सिल्वीनं कपातली गार कॉफी एका दमात पिऊन टाकली. तेव्हापासून तिला ते एक वाक्य त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं. मुद्दाम सांगून, शिकवून वदवलेलं नको. त्यांचं त्यांना सुचलेलं हवं होतं. त्यांचं वय बघता पुढचा हिवाळा येईलच असं नव्हतं, आणि त्यांच्याखेरीज ते वाक्य म्हणू शकणारं जगात आता कुणी उरलेलं नव्हतं.

टबात बसून आली त्याच गुरुवारी संध्याकाळी वडिलांचा फोन आला. "शनिवारी भोक पाडतोय," ते म्हणाले. त्यांच्या फोनमध्ये कधी 'कशी आहेस' नसायचं. "बर्फ चांगला धरलाय यंदा." "बाबा, एकटे नका उतरू." "एकटा कुठं. डेलला म्हणालो ये. तर त्याची कंबर." शेगडीत लाकूड फुटल्याचा आवाज तिला ऐकू आला. "तू येतेस?" ते म्हणाले. "तशी गरज काही नाही. पण कुणीतरी असावं जवळ. टॉवेल धरायला." "टॉवेल धरायला," ती म्हणाली. "हां. त्यात काय." तिनं येते म्हणून सांगितलं आणि भावाला फोन लावला. डेल दुलुथला राहायचा, तिच्या निम्म्या अंतरावर. "कंबर आहेच," तो म्हणाला, "पण खरं सांगू का, मला ती जागा रिकामी बघवत नाही. तू जा. तू खंबीर आहेस." "खंबीर नाही रे, लांब राहते," ती म्हणाली. "मग येताना कॉफी प्यायला थांब." "तुझ्याकडची कॉफी म्हणजे पंपाचं पाणी." "त्या पाण्यावरच मोठी झालीस," डेल म्हणाला, आणि दोघंही हसली, आई गेल्यानंतर पहिल्यांदाच.

शनिवारी ती उत्तरेला निघाली तेव्हा आकाश ॲल्युमिनियमच्या पातेल्याच्या आतल्या बाजूसारखं होतं. शहर संपलं, शेतं संपली, मग दोन्हीकडं काळी झाडं आणि मध्ये पांढरा रस्ता. गाडीत ऊब होती, सीटखालीसुद्धा. बटण दाबलं की पाठ शेकली जायची. ती बटण बंद करायची आणि पुन्हा चालू करायची. अंगाला ऊब लागली की वडिलांसमोर चोरी केल्यासारखं वाटायचं, बंद केली की त्यांचीच री ओढल्यासारखं. आईला या गाडीत एकदा बसवलं होतं, गेल्या वर्षी, डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेताना. बसल्यावर ती दचकली होती. "अगं बाई, खालून कुणीतरी आहे." मग हळूहळू मागं टेकली, डोळे मिटले, आणि तळ्यापासून गावापर्यंत एक शब्द बोलली नाही. उतरताना म्हणाली, "त्यांना सांगू नको हां." काय सांगू नको? की मला आवडलं. एवढी साधी गोष्ट लपवायची सवय लागायला माणसाला किती हिवाळे लागत असतील. आई स्वतः कधी पाण्यात उतरली नव्हती. सिल्वीनं एकदा विचारलं होतं, तुला नाही का वाटत उतरावंसं, सगळे एवढं म्हणतात, अंग हलकं होतं. "मला गार व्हायला पाण्यात कशाला जायला हवं?" आई म्हणाली होती, आणि साउनाच्या फळ्या घासायला निघून गेली होती. साउनात तिची पाळी शेवटची. वडील, मग मुलं, मग ती, दगड निवायला लागले की. उरलेल्या उबेत ती आंघोळ करायची आणि फळ्या घासूनच बाहेर यायची. मुलांना वाटायचं तिला कमी गरम आवडतं.

घरात शिरल्यावर पहिल्यांदा तिला कोट दिसला. दाराशेजारच्या खुंटीवर, होता तिथंच. शेजारच्या खुंटीवर वडिलांचा लाल-काळ्या चौकड्यांचा. वडील बाहेर लाकडं आणायला गेले होते. तिनं आईचा कोट हातात घेतला, खिशात हात घातला. रुमाल आणि कागदासकट पेपरमिंटची गोळी. मग तिनं कोट उलटा करून बघितला. आतलं तपकिरी अस्तर सगळीकडं चांगलं होतं, शिलाई उसवलेली नव्हती. फक्त छातीपाशी, डाव्या बाजूला, ते घासून घासून विरलं होतं, खालची जाळी दिसत होती. विरलेला भाग चौकोनी होता. चार घड्यांच्या टॉवेलएवढा. सिल्वीनं तिथं हात ठेवला. दार वाजलं तसा कोट पुन्हा खुंटीला लावला. "आलीस," वडील म्हणाले. ते बारीक झाले होते, पण पाठ तशीच, दाराच्या चौकटीसारखी. "तो तसाच आहे. चर्चवाल्या म्हणत होत्या, कुणाला तरी देऊन टाका. म्हटलं असू दे, कुणाला काय करायचाय, आतून फाटलाय." "कशानं फाटला?" तिनं विचारलं. ते लाकडं रचत होते. "कपडा आहे. वापरला की फाटतोच," ते म्हणाले.

त्यांनी कॉफी केली, पंपाच्या पाण्याची. आई करायची तो वेलदोड्याचा गोड पाव आता नव्हता, दुकानातला होता, ते तो कॉफीत बुडवून मुकाट्यानं खात होते. शेगडीवरची दांडी रिकामी होती. "साउना तापलाय," ते म्हणाले. "मी जाऊन येतो, तू काठावर ये." आणि तेव्हा सिल्वीच्या तोंडून जे निघालं ते तिनं ठरवलेलं नव्हतं. "आज आधी मी जाते." "कुठं?" "साउनात. मग अवांतोत." त्यांनी पाव बशीत ठेवला. "तू कधी गेली नाहीस." "गुरुवारी गेले. शहरात. तळघरात टब असतात, पैसे भरून बसायचं." वडील हसले. सप्टेंबरनंतर तिनं त्यांना हसताना बघितलं नव्हतं, आणि त्या हसण्यानं तिला बरंही वाटलं, ते तिला नको होतं. "टबात? म्हणजे आंघोळच की. बर्फ कुठनं आणतात?" "दुकानातनं." "दुकानातनं," ते पुन्हा म्हणाले, डेलला सांगायला ठेवल्यासारखं. "बरं, जा. बघू तरी. पण बाहेर वारा आहे हां." "तुम्ही टॉवेल धरा," ती म्हणाली. "धरतो की. त्यात काय."

घरातला टॉवेल घ्या, शेगडीवर तापवा, कोटाच्या आत ठेवा. ही तीन वाक्यं तिच्या जिभेवर होती. ती सांगणं माणुसकीचं होतं, सोपंही होतं. तिनं सांगितली नाहीत. साउनातल्या वरच्या फळीवर बसून ती दगडांवर पाणी मारत राहिली, वाफ पाठीवरून उतरत होती, कान भाजत होते, आणि भिंतीपलीकडे, कपडे बदलायच्या खोलीत, वडील आल्याची चाहूल तिला लागली. खुंटीवरचा टॉवेल काढल्याचा आवाजही आला. त्या खोलीतल्या खुंटीवरचा टॉवेल कोरडा कधीच नसतो. साउनाची वाफ दाराच्या फटीतून येऊन त्यात मुरते, हाताला कळत नाही एवढी. म्हणून आई तिथला टॉवेल कधी घेत नसे. घरापासून तळ्यापर्यंत घसरड्या वाटेवरून घरातलाच आणायची. हे शेजारच्या कुठल्याही घरातल्या बाईला माहीत होतं. या घरात ते माहीत असणारी आता सिल्वी एकटी होती, आणि ती वाफेत गप्प बसून होती. आपण काय करतोय हे तिला कळत होतं. आपण त्या म्हाताऱ्याला परीक्षेला बसवलंय आणि प्रश्नही सांगितलेला नाही. टॅनरनं याला काय म्हटलं असतं? साठलेलं मोकळं होतं.

ती पोहण्याचे कपडे आणि लोकरीचे मोजे घालून बर्फावर आली तेव्हा वारा तळ्याच्या पार पलीकडून, कुठंही न अडता येत होता. वडील काठावर उभे होते, लाल-काळ्या कोटात, दोन्ही हात पुढं करून, हातांत टॉवेल उघडा धरलेला, जसा फोटोत कुणी फलक धरतं. "घाई नको," ते म्हणाले. "शिडी घट्ट धर. श्वास सोड, मग उतर." ती उतरली. पहिल्यांदा पाण्यानं मनगटांना, मग फासळ्यांना धरलं, मानेमागं काहीतरी पांढरं लख्ख झालं, आणि मग ते सगळं ओसरलं. टबातल्यासारखं नव्हतं. खाली तळ नव्हता, अंधार होता, पायाखाली अख्खं तळं होतं. आणि वारा नव्हता. हे तिला अपेक्षितच नव्हतं. बर्फाच्या कडेच्या खाली वारा लागत नव्हता. कानांवरून तो जात होता, पण खांदे, छाती, पोट एका जाड, स्थिर गारव्यात होती, आणि थोड्याच वेळात तो गारवा शांत वाटू लागला, आत खोल कुठंतरी एक दिवा लागल्यासारखं झालं. खरंच सुख होतं ते. वडील एवढी वर्षं खोटं बोलत नव्हते. त्या सगळ्या शनिवारांत या तळ्यावर आडोशाची एकच जागा होती आणि ती त्यांनी निवडली होती. तिनं मान वर केली. इथून माणूस फार उंच दिसत होता. दोन बूट, कोटाची किनार, आणि वर आकाशाच्या उजेडात काळा झालेला चेहरा. हेच त्यांना दिसत असेल, तेही डोळे उघडे ठेवले असते तर. ते मिटून घेत असत. सिल्वीनं मिटले नाहीत.

वडील पाय बदलत होते. एका पायावरून दुसऱ्यावर, पुन्हा पहिल्यावर. मग त्यांनी खांदा वाऱ्याच्या बाजूला वळवला. आई अशीच उभी राहायची, डावा खांदा पुढं, तो टॉवेल वाऱ्यापासून वाचवायला. वडिलांचा टॉवेल मात्र वाऱ्यातच होता आणि आता तो फडफडत नव्हता. "झालं का?" त्यांनी विचारलं. "बसते थोडी." "पुरे की पहिल्यांदा." "आवडतंय मला." त्यांच्या नाकातून पाणी येत होतं, दोन्ही हात टॉवेलात गुंतल्यामुळं पुसता येत नव्हतं. तिला त्यांची दया आली. दया आली म्हणून ती आणखी थोडी बसली. बाहेर कधी यायचं ते तिच्याच हातात होतं. काठावरच्याच्या हातात ते नसतं. तिला आठवलं, आई कधीकधी गुणगुणायची काठावर, कुठली तरी जुनी ओवीसारखी चाल, शब्द नसलेली, आणि वडील पाण्यातून म्हणायचे, गप्प बस ताइमी, मला शांतता हवी.

ती शिडी चढून वर आली. वाऱ्यानं तिला कानशिलात मारल्यासारखं केलं, पाणी केसांत जागच्या जागी कडक व्हायला लागलं. वडील पुढं झाले आणि त्यांनी टॉवेल तिच्या खांद्यावर टाकला. तो बसला नाही. पत्र्यासारखा तिच्या पाठीवर आपटला, तिरका झाला आणि खाली बर्फावर पडला तेव्हा लाकडाच्या फळीसारखा वाजला. वडील वाकले, त्यांनी तो उचलला, गुडघ्यावर दाबून मऊ करू पाहिला. घडीपाशी तो करकरला. त्यांनी दोन्ही बाजूंनी उलटून बघितला. "हा असा कसा झाला?" ते म्हणाले. सिल्वी ओल्या अंगानं उभी होती, मोजे बर्फाला चिकटत होते. "तिचा तर नेहमी गरम असायचा," वडील म्हणाले.

ती थांबली. ते टॉवेलकडे बघत होते आणि त्यांच्या तोंडावर काहीतरी हळूहळू येत होतं, जसं खिडकीवरचं दव पुसताना पलीकडचं झाड आधी नुसता डाग दिसतं. "नेहमी गरम असायचा," ते पुन्हा म्हणाले. "मला वाटायचं, टॉवेल असाच असतो." मग त्यांनी मान वर केली आणि तळ्याकडे, घराकडे, घरापासूनच्या त्या वाटेकडे बघितलं. "ती कुठं ठेवायची?"

सिल्वीनं सांगितलं नाही. तिनं त्यांच्या हातातून तो टॉवेल घेतला. तिची बोटं नीट वळत नव्हती, तरी तिनं त्यांच्या कोटाचं वरचं बटण काढलं, मग दुसरं, मग तिसरं. वारा आत शिरला तसे ते किंचित मागं सरकले. "धरा," ती म्हणाली आणि तो कडक, गार चौकोन त्यांच्या छातीशी, डाव्या बाजूला, शर्टावर ठेवून दिला आणि वरून एकेक बटण लावत आली, शेवटचं हनुवटीखालचं. वडिलांचा श्वास एकदम आत ओढला गेला आणि तिथंच राहिला. अवांतोत उतरताना त्यांचा असा श्वास तिनं जन्मात ऐकला नव्हता. त्यांनी दोन्ही हात कोटावरून त्या फुगवट्यावर ठेवले, पडेल की काय अशा भीतीनं धरल्यासारखे.

"गार लागतंय गं," ते म्हणाले.

"हो."

"हा गरम व्हायला किती वेळ लागतो?"

"मला माहीत नाही, बाबा. मी नाही केलं कधी."

त्यांनी मान हलवली. तिला आता जबडा आवरत नव्हता. ती वळली आणि साउनाकडे चालू लागली, आत अजून ऊब असेल, दगड पुरते निवले नसतील. दाराच्या कडीवर हात ठेवून तिनं मागं बघितलं. ते तिच्यामागून येतील असं तिला वाटलं होतं. ते आले नव्हते. ते काठावरच उभे होते, पाण्याकडे तोंड करून, डावा खांदा वाऱ्याकडे, दोन्ही हात छातीवर, आणि त्या काळ्या पाण्यातून कुणी वर यायचं बाकी असल्यासारखे खाली बघत होते. पाण्यावर पापुद्रा धरायला लागला होता. त्यांना हाक मारायला हवी होती. तिनं कडी काढली, आत गेली आणि दार लावून घेतलं.